सहा व्होल्टची जावा बारा व्होल्टवर न्यावी का?

तासगावहून आलेली विचारणा थोडक्यात अशी: वडिलांची १९६९ची जावा २५० नुकतीच इंजिनापासून रंगापर्यंत नीट करून घेतली. इंजिन एका किकेत बोलतं. पण रात्री सांगलीहून परतताना दिवा पिवळाजर्द, हॉर्न दाबला की दिवा मान टाकतो, विश्रामबागच्या सिग्नलला थांबलं की समोर अंधार. बॅटरी दर पंधरवड्याला चार्जिंगला न्यावी लागते. एक मिस्त्री म्हणतो १२ व्होल्ट करा, दुसरा म्हणतो नुसता एलईडी लावा, तिसरा म्हणतो दुसऱ्या गाडीचं मॅग्नेट (वीज तयार करणारं चुंबकाचं चक्र) बसवून देतो. कुणाचं ऐकावं?

माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं मागून. गाडी रविवारी सकाळी गणपती मंदिरापर्यंत आणि परत एवढीच फिरणार असेल तर ६ व्होल्टच ठेवा, फक्त ते धड करा. रोज रात्रीचा रस्ता असेल तर अल्टरनेटरसकट (जुन्या डायनामोच्या जागी बसणारं, चुंबकावर चालणारं वीजयंत्र) पूर्ण १२ व्होल्ट करा. दोन्हींच्या मधलं काही करू नका. आणि यातलं काहीही करण्याआधी अर्थिंग (विजेची बॅटरीकडे परतीची वाट) तपासा, कारण ‘नुकताच रंग काढला’ हे वाचल्यावरच मला निम्मा रोग दिसला.

चासीला हल्ली सगळे पावडर कोटिंग करून घेतात. दिसायला छान, टिकायलाही चांगलं, पण तो थर वीज जाऊ देत नाही. जुन्या गाडीत दिव्यांची परतीची वाट चासीतूनच असते. इंजिन माउंटिंगचे बोल्ट, हेडलाइटची वाटी, मागचं मडगार्ड, सगळीकडे रंगावर रंग बसला की परतीची वाट बंद. मग वीज कुठून तरी, एखाद्या केबलच्या आवरणातून किंवा बोल्टच्या आट्यातून, कशीबशी परत येते. हे पडताळायला गॅरेज लागत नाही. साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करा, दिवे लावा. एक पिन बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. काटेकोर पाहिलं तर ०.१ व्होल्टच्या आसपास यावं, ०.२ पर्यंत चालेल. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला तर डायनामोला (इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला) शिव्या देऊ नका. हीच चाचणी हेडलाइटच्या वाटीवर आणि टेल लॅम्पच्या पत्र्यावर करा. उपाय स्वस्त आहे: बॅटरीपासून इंजिनला, तिथून चासीला आणि हेडलाइटपर्यंत जाड काळी वायर स्वतंत्र ओढायची. जोडाच्या जागेचा रंग खरवडून काढायचा, वरून थोडं ग्रीस.

अर्थिंग झालं की हिशेब. जावाचा डायनामो ४५ वॅटचा. तोही पूर्ण फिरत असताना, सिग्नलला उभं राहून फटफटताना नव्हे. आता खर्च बघा. प्लगला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल १२-१५ वॅट घेते. हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण ती दिसत नाही. टेल लॅम्प ५, स्पीडोमीटरचा दिवा दीड-दोन. हेडलाइटचा बल्ब २५ वॅटचा असेल तर बेरीज ४५च्या काठावर येते. कुणी ‘जास्त उजेड पडावा’ म्हणून ३५चा टाकला असेल तर ५५च्या आसपास गेलीच. त्यात ब्रेक दाबला की आणखी १५-१८ वॅट. म्हणजे बाजारपेठेतल्या गर्दीत ब्रेकवर पाय ठेवून चाललात, तर जमा तुटपुंजी आणि खर्च ७० वॅटच्या घरात. उरलेलं सगळं बॅटरी भरते. २५ वॅटची तूट म्हणजे ६ व्होल्टला साधारण ४ अँपिअर. ८ अँपिअर-अवरची नवीकोरी बॅटरीही कागदावर दोनच तास पुरते. पंधरा दिवस चालते हीच तिची मेहेरबानी.

६ व्होल्टचं दुसरं दुखणं वायरिंगमध्ये आहे. ३५ वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर लागतात. वाटेत स्विच, दोन-तीन जोड, पन्नास वर्षांची हिरवी पडलेली वायर यांत मिळून पाव ओहम अडथळा असला तरी दीड व्होल्ट वाटेतच खाल्ला जातो. सहातले दीड, म्हणजे पाव हिस्सा. बल्बचा उजेड मात्र पाव हिश्श्याने कमी होत नाही, तो निम्म्याहूनही खाली येतो, कारण तारेचा उजेड व्होल्टेजच्या कितीतरी पटींनी घसरतो. तोच ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर तीनच अँपिअर घेतो. त्याच जोडांत पाऊण व्होल्ट जातो, बारातला पाऊण. १२ व्होल्टची खरी किमया ती हीच.

आता पहिला रस्ता: ६ व्होल्ट ठेवायचं.

म्हैसूरच्या आयडियल जावाने जो डायनामो दिला तो वाईट नव्हता. आर्मेचर (तारेच्या वेढ्यांचा फिरणारा भाग) थेट क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकावर, बाहेर फील्ड कॉइल (न फिरणारे वेढे), त्याच प्लेटवर पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच). बेल्ट नाही, गिअर नाही. बिघडण्यासारखं त्यात मोजकंच आहे. उजवीकडचं कव्हर काढा, कार्बन (आर्मेचरला टेकून वीज नेणारे ठोकळे) बघा. झिजून आखूड झाले असतील किंवा स्प्रिंग ढिली असेल तर बदला. नवे कार्बन मूळ मापाचेच हवेत. पाण्याच्या मोटारीचे घासून बसवलेले मी पाहिलेत, ते कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) खातात. कम्युटेटर काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, एमरी पेपर नको, त्याचे कण वीज नेतात. दोन तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांच्या वर आलेला असेल तर हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खाली घ्या. कम्युटेटरची एकेक पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मल्टिमीटर लावा, कुठेही बीप वाजता कामा नये. वाजली तर आर्मेचर रिवाइंडिंगला.

आपल्याकडे या बाबतीत एक चैन आहे. उसाच्या पट्ट्यात शेतीपंपाच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे सांगली, मिरज, तासगाव, विटा कुठेही रिवाइंडिंगचा चांगला कारागीर सापडतो. त्याला जुनं आर्मेचर तसंच द्या, वेढे मोजून, तारेचं गेज मापून त्याच मापाने भरायला सांगा, आणि शेवटी वार्निश भाजून घ्यायचा आग्रह धरा. इथे पंपाच्या मोटारीपेक्षा जास्त वेगाने फिरणारं आणि तापणारं काम आहे, नुसतं ब्रशने लावलेलं वार्निश टिकत नाही.

गाडी २०१९च्या पुरात होती का, हेही आठवून बघा. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि गावभागातल्या, हरिपूर रोडच्या कित्येक जुन्या गाड्या दिवसच्या दिवस गाळाच्या पाण्यात होत्या. इंजिनं लोकांनी खोलून धुतली. डायनामो मात्र ‘वाळला की चालेल’ म्हणून तसाच ठेवला. फील्ड कॉइलच्या सुती आवरणात बसलेला गाळ ओल धरून ठेवतो. थंड असताना मीटर बरोबर दाखवतो, गरम झाल्यावर चार्जिंग गायब होतं. अशी गाडी असेल तर फील्ड कॉइलही भरून घ्या, नाहीतर दर पावसाळ्यात तोच खेळ.

डायनामो ठणठणीत झाला की जुन्या पद्धतीचा यांत्रिक रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) काढून ६ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावा. त्याला ॲडजस्टमेंट नसते, म्हणून बिघडवता येत नाही. चार्जिंग ७ ते ७.२ व्होल्टवर स्थिरावलं पाहिजे. डायनामो बराच काळ पडून असेल तर त्यातलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलेलं असतं आणि तो स्वतःहून उठत नाही. फील्डला क्षणभर बॅटरी लावून ते जागं करावं लागतं, आणि ते करताना बॅटरीची दिशा गाडीच्या अर्थिंगशी जुळली पाहिजे. उलट लावलीत तर डायनामो उलट चार्ज करील.

एलईडी इथे खरोखर कामाचा. ६ व्होल्टवर चालणारा ८-१० वॅटचा हेडलाइट, एक वॅटचा टेल लॅम्प. रात्रीचा सगळा खर्च कॉइलसकट २५ वॅटच्या आसपास येतो आणि ४५चा डायनामो निवांत होतो. अट एकच, बल्बवर ६ ते ३० व्होल्ट असा पल्ला लिहिलेला असावा. नुसता ‘६ व्होल्ट’ लिहिलेला स्वस्त बल्ब रेग्युलेटरच्या पहिल्याच झटक्यात जातो. आणि पंखा लावलेले मोठे एलईडी जुन्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबू नका. रिफ्लेक्टर बल्बची तार जिथे असते त्या बिंदूसाठी घडवलेला आहे. एलईडीची चिप तिथेच बसली नाही तर उजेड रस्त्यावर न पडता झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत पडतो.

एवढं केलंत की रविवारच्या गाडीचं काम संपलं. तुमचं मात्र रोजचं जाणं-येणं आहे असं दिसतं, आणि ऊस सुरू झाल्यावर आपले रस्ते तुम्हाला सांगायला नकोत. मागे ना रिफ्लेक्टर ना दिवा, अशा दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंधारात अचानक समोर येतो. तिथे दिवा भरवशाचाच हवा. म्हणून दुसरा रस्ता.

पण त्याआधी ‘मधलं’ काय ते सांगतो, कारण कुणीतरी तुम्हाला ते सुचवणारच. ६ व्होल्टच्या डायनामोला १२ व्होल्टचा रेग्युलेटर लावला की तो १२ व्होल्ट देतो. हे खोटं नाही. डायनामोचे व्होल्ट फेऱ्यांवर ठरतात, ६वर अडवणारा फक्त रेग्युलेटर असतो. अँपिअर मात्र तारेच्या जाडीवर ठरतात, ते तेवढेच राहतात, त्यामुळे पळताना वॅट जवळपास दुप्पट मिळतात. इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांवर, जिथे डायनामो गिअरने किंवा चेनने चालतो, ही युक्ती बरीच चालते. जावात आर्मेचर क्रँकवर आहे. इंजिन जेवढं फिरेल तेवढंच ते फिरणार. १२ व्होल्ट उठायला जास्त फेऱ्या लागतात, म्हणजे गावातल्या वेगात चार्जिंग जवळजवळ शून्य. हायवेवर खूश, गल्लीत रडकुंडी. तुमच्या रस्त्याला हे उपयोगाचं नाही.

दुसऱ्या गाडीचं मॅग्नेट लेथवर बॉस (मधला जोडतुकडा) बनवून बसवण्याबद्दल माझं मत याहून कडक आहे. कुपवाड एमआयडीसीत टर्नर उत्तम आहेत, बॉस ते केसाच्या फरकाने बनवून देतील. प्रश्न त्यांच्या हाताचा नाही. क्रँकचं टोक ज्या वजनासाठी बनलं त्याहून जड चक्र त्यावर बसवलं, आणि तेही मधे एक जादा तुकडा घालून, की बेअरिंगवर पडणारा ताण बदलतो. शिवाय टाइमिंगची खूण कुठेही जुळत नाही. सुटलं तर ते चक्र तुमच्या घोट्याच्या शेजारी फिरत असतं. मी करत नाही, करून देणाऱ्याचं कामही हातात घेत नाही.

जावासाठीच बनवलेला अल्टरनेटर सेट मिळतो. झेक कंपनी व्हेपच्या पद्धतीवर जर्मनीचे पॉवरडायनामो जुन्या जावांसाठी १२ व्होल्टचे असे सेट देतात. आपल्याकडेही जावा-येझदीसाठी सेट बनवणारे आहेत. कुणाचाही घ्या, पण आतल्या वस्तू ओळखा: क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) बसणारं चुंबकाचं चक्र, वेढ्यांची प्लेट, डिजिटल इग्निशन कॉइल आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग). कार्बन नाहीत, पॉइंट नाहीत. ताकद १०० ते १५० वॅट. इग्निशनला वीज प्लेटवरच्या वेगळ्या कॉइलमधून मिळत असेल, तर बॅटरी मेली तरी गाडी किक मारून चालू होते. निवडताना हा गुण आधी बघा.

बसवताना घाई होते ती टेपरवर. आर्मेचर ठोकून काढायचं नाही. पुलर बोल्ट घालून ओढायचं. निघालं की क्रँकचं टोक हाताने वर-खाली हलवून बघा. जाणवण्याइतकं हललं तर आधी मेन बेअरिंग, मग अल्टरनेटर. डायनामोच्या आर्मेचरला थोडा खेळ चालून जातो, चुंबकाच्या चक्राला नाही, ते प्लेटवर घासतं. टेपर आणि चक्राचं भोक दोन्ही पेट्रोलने पुसून कोरडं करा, ग्रीस किंवा तेल अजिबात नको. चक्र धरतो तो टेपर, चावी (टेपरच्या खाचेत बसणारा छोटा लोखंडी तुकडा) फक्त जागा दाखवते. हे उलटं समजणाऱ्यांच्या चाव्या तुटतात. चक्र बसवण्याआधी आत बोट फिरवा. चुंबकाने टेबलावरचा एखादा वॉशर किंवा लोखंडाचा कीस उचललेला असतोच, आणि तो पहिल्या किकेत वेढ्यांचं आवरण फाडतो.

टाइमिंग अंदाजाने नको. प्लगच्या भोकातून डायल गेज किंवा निदान व्हर्निअर लावून पिस्टन वरच्या टोकाला आणा, तिथून सेटच्या कागदात लिहिलेलं मिलिमीटरचं माप मागे या आणि खुणा जुळवा. जुन्या पॉइंटचं माप इथे चालेलच असं नाही, कारण डिजिटल कॉइल टाइमिंग स्वतः पुढे-मागे करते. प्लग कॅप रेझिस्टरची लावा. साधी कॅप ठेवलीत तर ठिणगीचा गोंगाट कॉइलच्या आतल्या सर्किटला त्रास देतो.

आता जिथे चांगले चांगले वायरमन फसतात ती गोष्ट. जुन्या गाडीत चावी फिरवली की कॉइलला वीज मिळते. चावी बंद, वीज बंद. अशा बहुतेक सेटमध्ये उलट असतं: बंद करायची वायर अर्थला टेकवली की इंजिन बंद होतं, सोडली की चालू. सवयीने कुणी त्या वायरला चावीतून १२ व्होल्ट दिले तर इग्निशनचं सर्किट जागच्या जागी जळतं, आणि गॅरंटीत ते बसत नाही. म्हणून जुन्या वायरिंगमध्ये नवा सेट मिसळू नका. वायरिंग नवंच करा: मुख्य लाइन २.५ चौरस मिलिमीटर, दिव्यांच्या दीड. जोड पिळून टेप गुंडाळलेले नकोत, नीट क्रिम्प केलेले लग वापरा. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. दीडशे वॅट म्हणजे जेमतेम ११ अँपिअर, त्यापेक्षा मोठा फ्यूज घालून उपयोग काय?

बॅटरी मोठी लागत नाही. सेल्फ स्टार्ट नाही, मग १२ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची मेंटेनन्स-फ्री बॅटरी पुष्कळ झाली. जुन्या बॅटरीच्या जागेत ती बसते. हॉर्न, फ्लॅशर, सगळे बल्ब १२चे करा. स्पीडोमीटरमधला इवलासा बल्ब विसरला जातो आणि पहिल्याच रात्री जातो. हेडलाइटला ३५/३५ हॅलोजन पुरे. ६०/५५चा घातलात तर जुना रिफ्लेक्टर तापून काळवंडतो आणि हेडलाइटमधला स्विच वितळतो.

रेग्युलेटर वारा लागेल अशा जागी आणि रंग खरवडलेल्या पत्र्यावर. सीटखालच्या बंद डब्यात तो शिजतो. एक गैरसमज इथेच काढतो: ‘एलईडी लावले म्हणजे अल्टरनेटरला आराम’. बहुतेक स्वस्त रेग्युलेटर शंट पद्धतीचे, म्हणजे जादा वीज ते अर्थला ढकलून देतात. तुम्ही वापरा न वापरा, वेढ्यांतून वीज वाहतच राहते. एलईडीमुळे बॅटरीला आराम मिळतो, वेढ्यांना नाही. वेढ्यांनाही द्यायचा असेल तर सीरिज पद्धतीचा रेग्युलेटर घ्या, महाग असतो.

हे वाचणाऱ्या बुलेटवाल्यांसाठी दोन ओळी. लुकास पद्धतीच्या ६ व्होल्ट अल्टरनेटरच्या बुलेटमध्ये चुंबक आणि वेढे प्रायमरी चेनच्या कव्हरमध्ये आधीच आहेत. तिथे दिव्याचा स्विचच गरजेप्रमाणे वेढे जोडतो-सोडतो, खरा रेग्युलेटर नसतो. सगळे वेढे कायमचे एकत्र जोडून, जुन्या रेक्टिफायरऐवजी १२ व्होल्टचा रेग्युलेटर-रेक्टिफायर लावला की काम बरंचसं होतं. वायरच्या रंगांवर विसंबू नका, पन्नास वर्षांत ते कुणीही बदललेले असतात. इंजिन चालू ठेवून कुठल्या दोन वायरांत सर्वांत जास्त एसी व्होल्ट मिळतात ते मोजा. जुनी ब्रिटिश बनावटीची गाडी असेल तर पॉझिटिव्ह अर्थ आहे का हे सगळ्यांत आधी. नवा रेग्युलेटर उलट दिशेने लावला की क्षणात जातो.

‘व्हिंटेज’ नोंदणीबद्दलही तुम्ही पुढेमागे विचाराल. २०२१च्या केंद्रीय नियमांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, तुमची बसते. पण तशी नोंदलेली गाडी रोज वापरायला परवानगी नाही. रोज सांगलीला येणार असाल तर साध्या नोंदणीवरच ठेवा. तरीही बदल असे करा की एक सुट्टीचा दिवस घालवून गाडी मूळ रूपात येईल: चासीला भोक नको, कव्हर कापणं नको. जुना डायनामो, रेग्युलेटर, कॉइल तेल लावून एका डब्यात ठेवा. १९९६ला कारखाना बंद झाल्यापासून चांगलं मूळ आर्मेचर शोधणं दरवर्षी अवघड होत चाललंय.

सगळं बसलं की मोजमाप असं घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६च्या आसपास. इंजिन चालू, दिवे लावलेले, मध्यम वेगाच्या फेऱ्यांवर १३.८ ते १४.४. सिग्नलच्या फेऱ्यांवर ब्रेक दाबून १२.५च्या खाली जाऊ नये. १४.८च्या वर गेलं तर गाडी तिथेच बंद करा, रेग्युलेटरला अर्थ नीट मिळत नाही. चारशे-पाचशे किलोमीटर झाले की कव्हर उघडून चक्राचा बोल्ट पुन्हा आवळा आणि प्लेटवर घासल्याची चमक दिसते का बघा. आणि हे सगळं करण्याआधी, आज संध्याकाळीच, इंजिन ते बॅटरी अर्थचा आकडा मोजून कळवा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर निघाला तर अल्टरनेटरच्या चौकशीला लागण्याआधी खरवडायला पेपर घ्या.